मोहनरावांचे तळवे

योगानं मोहनरावांची साखर उतरली, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. उगाच मागाहून कुणी योगाच्या नावानं बोटं मोडायला नकोत. पाच महिन्यांत दोनशे ऐंशीची एकशे चाळीस झाली, पोट आत गेलं, आणि वालचंदनगरच्या कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेला हा गडी वरकुट्याच्या शाळेच्या पटांगणात कॉलेजच्या पोरासारखा वाकायला लागला. वाकला नाही तो फक्त स्वभाव.

त्याआधी बारा वर्षं त्यांच्या बायकोचा, सिंधुबाईचा, एक नेम होता. संध्याकाळची जेवणं उरकली की मोहनराव खाटेवर पाय पसरायचे आणि ती काशाच्या वाटीनं त्यांचे तळवे तूप लावून घासायची. साखरेमुळं त्यांच्या तळव्यांची निखाऱ्यावर उभं केल्यासारखी आग व्हायची. वाटी फिरली की तूप काळं पडायचं, आणि उष्णता निघाली म्हणत ते घोरायला लागायचे. वाटी तिच्या आईनं लग्नात दिलेली होती. घासून घासून तिचे हात भरून यायचे. जरा थांबली की मोहनराव पाय झाडायचे, तो कधी मनगटावर बसायचा, कधी छातीवर. चुकून बसला, असं ती शेजारी सांगायची. पहिली दोन वर्षं तिला स्वतःलाही ते खरं वाटायचं.

योगवर्ग घ्यायला इंदापूरहून स्कूटीवर प्रगती यायची. वयानं लहान, पण पोरगी शहाणी. तिनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या बंद करायच्या नाहीत, अनवाणी फिरायचं नाही, आणि रोज तळवे बघायचे.

"स्वतःला दिसत नसतील तर घरच्यांनी बघायचे," ती म्हणाली. "साखरेच्या माणसाला काटा टोचलेलाही कळत नाही."

"आमची हाय की बघाया," मोहनराव म्हणाले. "तिला दुसरं काम काय?"

सिंधुबाई मागच्या ओळीत बायकांत बसली होती. तिनं मान डोलावली. नवऱ्यानं चारचौघांत आपलं नाव काढलं, याचंच तिला बरं वाटलं होतं. वेडी बाई.

चाळीस दिवस झाले आणि मोहनरावांच्या तळव्यांची आग थांबली. एकदम, नळ बंद करावा तशी. त्यांनी ते वर्गात उभं राहून सांगितलं.

"बारा वर्षं हिनं पाय घासलं. वाटी झिजली, पर आग हाय तशीच. आन् हितं चाळीस दिस श्वास घ्येतला आन् खलास. मग खोट कुठं हुती? हिच्या हातात. हिचा हातच उष्ण हाय."

वर्ग हसला. मागच्या ओळीतल्या बायकाही हसल्या. एकटी प्रगती हसली नाही.

"काका, आग थांबली की पाय बधिर झालाय?" तिनं विचारलं. "एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या."

"बरं झाल्यालं काय दाखवायचं डॉक्टरला?"

घरी आल्यावर त्यांनी काशाची वाटी उचलली आणि दारातल्या कुत्र्यापुढं दूध घालून ठेवली. "आजपास्नं माझ्या पायाला हात लावायचा न्हाय," ते म्हणाले. "लावलास तर परत आग उठंल." सिंधुबाईनं कुत्र्याला आपल्या आईच्या वाटीत जीभ घालताना पाहिलं आणि ती भांडी घासायला मोरीवर गेली. रडली नाही. त्या दिवशी तिच्या आत काहीतरी घट्ट झालं.

आता मोहनरावांनी नवा नेम धरला. जेवण झालं की भिंतीकडं तोंड करून चटईवर वज्रासनात बसायचं. मोजून दहा मिनिटं, एक अक्षर न बोलता. नेमकी तीच सिंधुबाईची जेवायची वेळ. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी ती ताट घेऊन बसायची आणि समोर मोहनरावांचे दोन तळवे, उताणे.

जूनमध्ये डाळिंबाची छाटणी झाली. मोबाइलवर कुणीतरी सांगितलं होतं, की मातीला पाय लागले की साखर मातीत उतरते. झालं. प्रगतीचं बजावणं बाजूला राहिलं आणि मोहनराव पहाटे बांधावरून अनवाणी फिरायला लागले. छाटलेल्या फांद्या जागोजाग पडलेल्या होत्या. डाळिंबाच्या फांदीला काटा शोधावा लागत नाही. तिचं टोकच काटा असतं.

एका दुपारी सिंधुबाईच्या हातात भाकरीचा तुकडा तसाच राहिला. डाव्या तळव्यात, अंगठ्याच्या खाली, काळं टोक रुतलेलं होतं. भोवती वाळलेलं रक्त.

"अवो, तुमच्या पायात…"

मोहनरावांनी मान न वळवता हाताचा पंजा वर केला. बोलायचं न्हाय. तिनं दहा मिनिटं वाट पाहिली. मग ते उठले आणि त्यांनी तिला फाडून खाल्लं.

"किती येळा सांगितलं, मधी बोलायचं न्हाय? बारा वर्षं पायच धरलंस. आता तरी सोड."

"काटा हाय."

"काटा असता तर मला कळला नसता? पाय माझा हाय का तुझा?"

"तुमचाच," सिंधुबाई म्हणाली.

एवढं बोलून ती गप्प झाली. आता कुणी म्हणेल, सांगितलं की तिनं. सांगितलं, पण एकदा. अशी गोष्ट दहादा सांगावी लागते, ऐकलं नाही तर बोंबलत शेजाऱ्यांना गोळा करावं लागतं, बारामतीच्या एमआयडीसीत नोकरीला असलेल्या पोराला, संदेशला, फोन करावा लागतो. सिंधुबाईला हे कळत होतं. सगळं कळत होतं.

तिसऱ्या दिवशी काळ्या टोकाभोवती पांढरं कडं आलं. ते जेवताना रोज दोन वेळा तिच्या समोर असायचं. चौथ्या दिवशी कडं पिवळं झालं. पाचव्या दिवशी संदेशचाच फोन आला.

"आये, आबा बरं हायत का?"

"बरं हायत. योगा करत्यात."

त्या दिवशी तिनं एक भाकरी जास्त खाल्ली.

सातव्या दिवशी प्रगतीनं वर्ग सुटताना तिला गाठलं. "काकू, काकांचा पाय जरा सुजल्यासारखा वाटतोय. ते म्हणतात, जास्त वेळ वज्रासनात बसल्यानं झालंय. तुम्ही तळवे बघता ना रोज?"

मोहनराव चार पावलांवर उभे राहून दुसऱ्या कुणाला तरी श्वास कसा घ्यायचा ते शिकवत होते. तोंडातून एक वाक्य निघालं असतं तर काम झालं असतं. सिंधुबाईला छातीवर बसलेली लाथ आठवली नाही. कुत्र्याची जीभ आठवली.

"बघते की," ती म्हणाली. "दोन्ही येळंला."

दहाव्या दिवशी मोहनराव तापानं फणफणले. खोलीत वास कोंडला होता. संदेशनं गाडी करून त्यांना बारामतीला नेलं. डॉक्टरांनी तळव्यात चिमटा घालून बोटाच्या पेराएवढा काटा बाहेर काढला आणि मोहनराव नुसते बघत राहिले. नस कधीच मेली होती. आग थांबली होती ती त्यामुळं. विष वर चढलं होतं, म्हणून पाय गुडघ्याखालून काढला.

प्रगती दवाखान्यात आली. जिन्यापाशी तिनं सिंधुबाईचा हात हातात घेतला. पोरीचे डोळे रडून सुजले होते. "काकू, एवढा मोठा काटा. तुम्ही तर रोज बघत होता."

"बघत हुते," सिंधुबाई म्हणाली.

प्रगती तिच्या तोंडाकडं बघत राहिली. मग तिनं हळूच आपला हात काढून घेतला. ती परत वरकुट्यात आली नाही. वर्ग बंद पडला, आणि गावात पुष्कळांची साखर पुन्हा चढली. तेही सिंधुबाईच्याच खात्यावर धरायला हवं.

महिन्याभरानं मोहनराव खाटेवर, घरी. संध्याकाळ होती. त्यांना भरवून झालं आणि सिंधुबाई आपलं ताट घेऊन बसली.

"अगं," मोहनराव कण्हले. "आग हुतीया."

"कुठं?"

"डाव्या तळव्याला."

डावा तळवा नव्हताच. चादर गुडघ्याखाली सपाट पडली होती. पण आग खरी होती. असं होतं म्हणून डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्यांचे ओठ थरथरत होते, कपाळावर घाम होता.

"वाटी आण की गं. घास जरा. तुझ्या हातानं थांबतीया."

बारा वर्षं ज्या वाक्यासाठी मनगटं झिजवली, ते वाक्य आता आलं. सिंधुबाईला वाईट वाटलं, अगदी पोटातून वाटलं. दारात कुत्रं वाटी चाटत होतं, तिचा फरशीवर खुळखुळ आवाज येत होता.

तिनं ताट उचललं, भिंतीकडं तोंड करून बसली आणि भाकरी मोडली.

"अगं, ऐकतीस का?"

सिंधुबाईनं मान न वळवता हाताचा पंजा वर केला.