दहाच्या नाण्यांचा पूल

नाणं चिमटीत होतं, कडेला पिवळं, मधे पांढरं, आणि हलत होतं… पंखा बंद, खिडकी लावलेली, वारा नावालाही नाही, म्हणजे हलत होता तो आपला अंगठा, हे राजानंदला कळत होतं, तरी तो डोळे वटारून नाण्याकडेच बघत होता, जणू खोडी त्याची आहे. टेबलावर दोन मनोरे उभे होते. दोन्हीकडून एकेक नाणं जरासं पुढं सरकवत, मागं वजन ठेवत आणलेला पूल मधल्या बोटभर फटीपाशी थांबला होता. हे एक नाणं त्या फटीवर बसलं की झालं.

बसलं, तर हाताचं बायकोला, बेबीनंदाला सांगायचं नाही. पडलं, तर सांगायचं… सकाळी दाढी करताना गाल कापला तेव्हा त्यानं मनाशी घातलेली ही अट.

आणि नाणी तरी कुणाची? तिचीच. दहाचं नाणं बंद झालं, असं अख्ख्या तीर्थपुरीनं ठरवून टाकलेलं. बँक घेते, पण भाजीवाली घेत नाही ना, मग बंदच! दळणाला आलेल्या बाया ती नाणी बेबीनंदाच्या गळ्यात मारायच्या आणि ही बाई कुणाला नाही म्हणेल तर शपथ. ओंजळभर आणून त्याच्यापुढं ओतायची, "घ्या, खेळा!" म्हणायची. तीस वर्षं खांबावर चढलेला वायरमन रिटायर होऊन घरात बसला, की घर खायला उठतं. त्या नाण्यांनी त्याला वाचवलं होतं, हे त्यानं तिला कधी बोलून दाखवलं नव्हतं. का नाही दाखवलं? दाखवायला हवं होतं…

एकच अडचण. तिची पिठाची गिरणी भिंतीपलीकडं, पट्टा फिरायला लागला की टेबल हादरायचं. पण नशीब बलवत्तर! संक्रांतीपासून रोज दुपारी एकला भिंतीपलीकडून तिची हाक यायची, "लाईट गेली हो!" गिरणी थांबायची, सगळं निपचित, तासभर. गाव ज्या वीज मंडळाला शिव्या घालतं त्याचे राजानंद मनापासून आभार मानायचा. "जुन्या माणसाची आठवण ठेवली बघ साहेबानं," असं तिला हसत सांगायचा, आणि ती… ती पदरानं मान पुसत नुसतं हूं म्हणायची.

नाणं फटीवर आलं. श्वास रोखला. आणि त्या शांततेत त्याला घरघर ऐकू आली.

भिवाचा कूलर. शेजारच्या भिवानं कालच माळ्यावरून काढून लावलेला, वर्षभराच्या धुळीनं खोकत फिरणारा कूलर… पण फिरतोय कसा? लाईट गेलीय ना? भिवाची आणि आपली लाईन एकाच खांबावरून येते, तो खांब तर मीच उभा केला, मीच तारा ओढल्या, एकाची गेली तर दुसऱ्याची राहील कशी… राहील. घरातला मेन स्विच कुणी खाली ओढला तर राहील.

हात् लेका! गावातल्या प्रत्येक घराचा फॉल्ट वासावरून ओळखणारा तू, आणि स्वतःच्या घरात तीन महिने…

रोज तासभर. दळणं अडकवून. एवढ्या उन्हाळ्यात, पत्र्याखाली, पंख्याशिवाय. कशासाठी? पूल व्हावा म्हणून? संक्रांतीपासून कप अर्धाच भरून येतो, हे त्याला आत्ता, या क्षणी दिसलं. 'साखर कमी घ्या' म्हणते म्हणून चहाही कमी, असं आपण धरून चाललो होतो; या हातातून सांडू नये म्हणून होता तो अर्धा. इतकं मिळत होतं आपल्याला, आणि आपण आभार मानत होतो मंडळाचे.

"बेबी," त्यानं हाक मारली, "मेन वर कर."

पलीकडून उत्तर आलं, "लाईट गेलीय न्हवं."

"भिवाचा कूलर चालू हाय."

ती दारात आली. कपाळावरच्या घामात पीठ चिकटलेलं. "झाला का पूल?" तिनं विचारलं, जणू दुसरं विचारण्यासारखं काही नव्हतंच.

"न्हाई. बस हितं."

"बाया दळण ठिवून गेल्यात…"

"बस म्हन्तो न्हवं."

ती समोर बसली. त्यानं नाणं खाली ठेवलं, आणि महिनोन्‌महिने तिच्यासमोर खिशात कोंबलेला उजवा हात काढून सरळ टेबलावर, दोघांच्या मधे ठेवला. हात थरथरत होता.

"कव्हापासून ठावं तुला?"

"तुमच्याआधीपासून," ती म्हणाली. तिनं हात धरला नाही, नजरही काढली नाही. बघत राहिली. "जालन्याला जाऊ डॉक्टरकडं. जल्दी न्हाई. तुम्ही म्हनाल तव्हा."

टेबल बारीक हादरत होतं, नाण्यांना नाणी लागून किणकिणत होती. पूल सरकला की तसाच राहिला… राजानंदचं तिकडं लक्ष नव्हतं. किती दिवसांनी तो हात उघड्यावर होता, हवा तसा हलत होता, आणि त्याला कुणी काही म्हणत नव्हतं.