वाढत्या अंगाचा कोट

त्रुडका आता सत्तरीला टेकली आहे, पण अजून कुणी "काय उंच गं तू!" म्हटलं, की काहीतरी चोरल्यासारखी तिची मान खाली जाते. कोटाचं ते दुखणं आहे. लहानपणी नवा कोट तिला कधी मिळाला नाही. मिळाला तो शेजारच्या रोझाल्काचा, आणि तोही रोझाल्का घटसर्पाने गेल्यावर.

सिलेसियाच्या कोळसापट्ट्यातल्या खाणकामगारांची ती वसाहत. लाल विटांची घरं, मधे अंगण, अंगणात सगळ्यांची मिळून एक पावाची भट्टी. तिथे वाया म्हणून काही जात नसे. बटाट्याची सालं कुणाच्या ना कुणाच्या डुकराला जायची, उसवलेल्या स्वेटरची लोकर मोज्यांत जायची, आणि मेलेल्या पोराचे बूट शेजारच्या जित्या पोराच्या पायात जायचे. वाईट कुणी वाटून घ्यायचं नाही. परवडणार कुणाला?

रोझाल्काची आई ओतिल्या मावशी समोरच्या जिन्यावरच्या घरात राहायची. तो कोट तिने कांबळ्याचा शिवला होता. चांगला वाढत्या अंगाचा, खाली तीन टक घातलेले, दरवर्षी एक उसवायचा. पहिलासुद्धा उसवायची वेळ आली नाही. दफनानंतर महिन्याभराने मावशी कोट घेऊन त्रुडकाच्या आईकडे आली.

"मार्ता, घाल तुझ्या पोरीला. नाहीतर कसर खाईल. टक मात्र मीच उसवीन."

"अगं, त्यात काय!" आई म्हणाली. दारात आलेल्या उबेला नाही म्हणणं तिला पाप वाटायचं.

त्रुडका तेव्हा सात वर्षांची, रोझाल्काच्याच वयाची. मग दर एक नोव्हेंबरला, मेलेल्यांच्या सणाला, अख्खी वसाहत मेणबत्त्या घेऊन कबरस्तानात जायच्या आधी, मावशी तिला आपल्या स्वयंपाकघरात उभी करायची. गुडघ्यांवर बसून कात्रीने टक उसवायची आणि मागे सरकून बघत राहायची. "एवढी झाली होय गं!" म्हणायची. कुणाबद्दल, ते त्रुडकाला पहिल्याच वर्षी कळलं. वर्षभर नवऱ्याशीही धड न बोलणारी ती बाई त्या दिवशी केस विंचरून बसायची.

तिसरा टक उसवल्यावर मावशीने आतली शिवण बोटांनी चाचपली. "संपले," एवढंच म्हणाली. पण चेहरा असा उतरला, की त्रुडका हिशेब करू लागली. पुढच्या वर्षी कोट झाला नाही, तर मावशी बघणार काय?

तिने ठरवलं, वाढायचं नाही.

रविवारच्या बटाट्याच्या गोळ्यांतले दोन ती गुपचूप भावाच्या ताटात सरकवू लागली. आई करवादायची, "खा की गं कार्टे! सुतळी झालीयेस नुसती." सुतळी झाली खरी, पण सुतळी लांबतच चालली. शेवटी एके दिवशी ती भट्टीपाशी जमिनीवर आडवी झाली आणि भावाला म्हणाली, "एर्विन, मला ओलांड." पोराला ओलांडलं की त्याची वाढ खुंटते, हे वसाहतीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"वेडी का तू? आई चामडी लोळवेल माझी."

"ओलांड रे. आणि उलटा परत येऊ नकोस, नाहीतर उतरतं."

"काय देशील?"

"महिनाभर माझे सगळे गोळे."

एर्विनने ओलांडलं, वरून वळसा घालून आणखी एकदा फुकटात. त्रुडका आभाळाकडे बघत पडून राहिली. देवा, एवढं एक ऐक माझं. देव कसला ऐकतोय! त्या उन्हाळ्यात पोरगी ताडमाड वाढली.

चौथ्या वर्षी मावशी नेहमीसारखी कात्री घेऊन बसली. सवयच ती, उसवायला होतं काय? बाह्या मनगटाच्या वर, बटणं छातीशी ताणलेली.

"बघ मावशी, येतोय की मला!" त्रुडका म्हणाली. कोटाच्या आत तिने गुडघे वाकवले होते, वाकतील तितके.

मावशीने हात घालून गुडघे चाचपले. "सरळ उभी राहा."

"उभीच आहे."

"त्रुडका."

त्या स्वयंपाकघरात मावशीने तिला नावाने कधी हाक मारली नव्हती. ती सरळ झाली. कोट सरसर गुडघ्यांच्या वर गेला.

"मी खाल्लं नाही गं मावशी," त्रुडका हुंदके देत म्हणाली. "एर्विनला ओलांडायलासुद्धा लावलं. तरी थांबतच नाही."

मावशीने कोट उतरवून घेतला, खिडकीशी बसली आणि जुन्या टाक्यांच्या खुणांवरून एकेक टक परत घालू लागली. तिन्ही घातले. कोट पुन्हा सात वर्षांच्या पोरीचा झाला. मग तिने तो कपाटात ठेवून कुलूप लावलं. त्रुडका कबरस्तानात आईच्या शालीत गेली.

त्या हिवाळ्यात अंगणात सात-आठ वर्षांची चार पोरं बिनकोटाची कुडकुडत होती. एकाही घरातून कुणी तो कोट मागायला गेलं नाही. काडी वाया जाऊ न देणारी त्रुडकाची आईसुद्धा गप्प राहिली.

आणि थंडी सरेपर्यंत त्रुडका आणखी दोन बोटं वाढली.