घरची चांदी

बसवंतरावांनी कपाटाचा वरचा खण हातानं चाचपला, मग खुर्चीवर चढून पाहिला. चांदीची जपानी किटली जागेवर नव्हती.

"मल्लम्मा, किटली कुठाय?"

"ती काळी? सोनाराकडं दिली परवा," बायको म्हणाली. "नातीच्या लिंगाच्या डबीला. तुमीच म्हनले न्हवं, बाजारची चांदी नको, घरचीच मोडा?"

म्हणाले होते खरं! पहिल्या लेकराच्या गळ्यातल्या इष्टलिंगाची डबी आम्हा लिंगायतांत घरच्याच चांदीची होते, असं बारशाला चारचौघांत मिरवलंही होतं. पण घरची चांदी म्हणजे ताटं, तांबे, अत्तरदाणी! हैदराबादच्या जुन्या हवेल्या पालथ्या घालून जमवलेली जपानी चहाची भांडी नव्हेत. त्या किटलीवर बगळ्यांची जोडी कोरलेली होती आणि तिचं काळेपण हेच तिचं वय होतं. हे घरात कधी कुणाला नीट सांगितलंच नाही. नुसतं "हात लावू नका" म्हणून ओरडत आले.

चपला कशाबशा अडकवून ते सेलूच्या सराफ्याकडं धावत सुटले. विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदमुळं काल बाजार मिटला होता. भट्टी पेटली नसेल, एवढीच आशा. त्यात कापसाच्या गाड्यांनी रस्ता अडवलेला.

"अरे, सरका की बाबांनो!"

जीव नुसता टांगणीला लागला होता.

दिनकरराव सोनारानं किटली समोर ठेवली. शाबूत! बसवंतरावांनी ती पोटाशी धरली, आणि मग पाहिलं. झाकण नव्हतं.

"झाकणात परवाच डबी झाली, मालक. साखळीला कमी पडायलंय," दिनकरराव म्हणाला. "सकाळी तुमच्या सूनबाईचा निरोप आला. किटली मोडू नका, मामांचा लय जीव हाय तिच्यात. आन् ही धाडलीत."

ताटलीत उमादेवीची जोडवी होती.

बाळंतिणीच्या पायातली जोडवी! बसवंतरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. बोटं किटलीच्या कडीवरून फिरत राहिली.

"ह्या कडीत भागंल का?"

"भागंल. पर मग किटलीचं..."

"तोडा."

कात्री चालली तेव्हा त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले.

घरी उमादेवी लेकरू मांडीवर घेऊन बसली होती.

"मामा, सापडली का किटली?" तिनं भीतभीत विचारलं.

"सापडली," ते म्हणाले आणि जोडवी तिच्यापुढं ठेवली. "आधी ही घाल."