हात लागलेला हत्ती

मामाच्या खिशातून निघालेला कंगवा तपासनिसाने उजेडात धरला. दातांमधून आरपार बघितलं, वाकवून बघितला, आणि शेवटी कानालाही लावला.

"कंगवाच आहे हो तो," मामा म्हणाला. "माझं केस कापायचं दुकान आहे. त्यातून बातम्या ऐकू येत नाहीत."

तपासनीस काही हसायला तयार नाही. त्याने कंगवा ट्रेमध्ये ठेवला. शेजारी मामाचा पट्टा, चष्मा, गोळ्यांची डबी. मामा एका हाताने पॅन्ट धरून उभा. जन्मभर लोकांच्या माना धरून वाकवल्या, आता आपली पाळी आली, असं त्याच्या मनात येऊन गेलं.

झालं होतं असं. मामाची भाची बुद्धिबळ खेळायची. खेळायची म्हणजे वेळ घालवायला नव्हे. जगातले निवडक खेळाडू एका हॉलमध्ये बसवतात आणि त्यातून जो वर येईल त्याला जगज्जेत्याशी खेळायला मिळतं, त्या स्पर्धेत खेळायची. अंगापिंडाने एवढीशी, म्हणून घरात तिचं नाव मुंगी पडलं होतं. आता परकी माणसंही तेच म्हणायला लागली होती. आणि आज मुंगीने ज्याला हरवलं त्याला सगळे डोंगर म्हणत. पूर्वीचा जगज्जेता. खुर्चीत बसला की खुर्ची दिसायची नाही.

डाव मध्यावर आला तेव्हा मुंगीचं काही खरं नव्हतं. डोंगराने आपली चाल केली आणि पाय मोकळे करायला तो हॉलच्या दुसऱ्या टोकाला गेला. त्याची पाठ असताना मुंगीने काय केलं, तर आपला हत्ती सरळ नेऊन त्याच्या प्याद्याच्या तोंडी दिला! बाहेर प्रेक्षकांसाठी मोठा पडदा होता. कुणाची बाजू जड, कुणाची हलकी, ते कॉम्प्युटर त्यावर सारखं दाखवत असायचा. हत्ती हलला मात्र, काटा गर्रकन फिरून मुंगीकडे आला. लोक उठूनच उभे राहिले. हत्ती मारला तर मात बसते, नाही मारला तर वजीर जातो. कॉम्प्युटरला हे दिसत होतं, माणसांपैकी कुणालाच दिसलं नव्हतं. डोंगर परत आला, पटाकडे बघत राहिला, लाल झाला आणि पुढे हरला. हात न मिळवताच उठला, आणि पंचांच्या टेबलावर मूठ आपटून म्हणाला, "ही चाल माणसाची नाही. पोरीला कुणीतरी बाहेरून सांगतंय. आणि चाल केल्या केल्या बाथरूमकडे कशाला पळाली? अंगावरचं यंत्र टाकायलाच ना?"

झालं. मुंगीला एका खोलीत नेलं, मामाला दुसऱ्या. आरोप चिकटला तर स्पर्धेतून हकालपट्टी, कित्येक वर्षं बंदी, आणि आजवर जिंकलेल्या प्रत्येक डावाकडे लोक वाकड्या नजरेने बघणार. पोरीने दुसरं काही केलंच नव्हतं आयुष्यात. उरणार काय?

झडती झाल्यावर दोघांना बाहेरच्या बाकावर बसवलं. मुंगीच्या पायांत बूट नव्हते. केसांतले आकडे, पिना सगळं काढून घेतलेलं, त्यामुळे केस तोंडावर आलेले. मामाला त्याचा पट्टा, चष्मा, कंगवा परत मिळाला होता. तो तिच्या मागे बसला आणि केस विंचरायला लागला. लहानपणी शाळा सुटली की ती दुकानातच यायची, तेव्हाही असाच विंचरायचा. समोर तोंड असलं की माणूस खरं बोलत नाही, आरशाकडे तोंड करून बसवला की सगळं ओकतो, हा मामाचा अनुभव. इथे आरसा नव्हता, समोर नुसती भिंत होती.

"मुंगे, एकच विचारतो. तो हत्ती तुला सुचला?"

मुंगी भिंतीकडे बघतच म्हणाली, "नाही."

कंगवा केसांत तसाच अडकला.

"मग कुणी सुचवला?"

"कुणीच नाही."

"सुचला नाही, सुचवला नाही. मग हत्ती काय आपल्या पायांनी चालत गेला? मला मामा बनवतेस?"

"तू आहेसच मामा."

"चेष्टा पुरे! इथे माझ्या तोंडचं पाणी पळालंय."

"नको ना विचारू. लोक हसतील मला," मुंगी म्हणाली आणि गुडघ्यांत डोकं घालून बसली.

हसतील? मामाला काही उमजेना. ही पोर कधी खोटं बोललेली त्याला आठवत नव्हती. पण आज तिने तोंडाला कुलूप घातलं होतं, आणि क्षणभर, अगदी क्षणभरच, त्याच्या मनात पाल चुकचुकली. तेवढ्यात दार उघडलं आणि दोघांना आत बोलावलं.

आत लांबलचक टेबल, पाण्याचे ग्लास, भिंतीवर टीव्ही. मुख्य पंच म्हणजे एक पिकल्या केसांच्या बाई होत्या. कानामागे पेन्सिल, आवाज असा की पट्टी मारल्यासारखा. डोंगर कोपऱ्यात हाताची घडी घालून बसला होता.

"झडतीत काही सापडलेलं नाही," पंच बाई म्हणाल्या. "पण सापडलं नाही म्हणजे नव्हतंच, असं होत नाही. आम्ही तुम्हाला तिसऱ्यांदा विचारतोय. ही चाल कुणी सांगितली?"

"कुणी नाही," मुंगी म्हणाली.

"मग कशी शोधलीत, ते समजावून सांगा."

मुंगी खाली बघत राहिली. डोंगराने घशातून असा आवाज काढला की बघा, मी म्हणत नव्हतो?

बाईंनी चित्रीकरण लावलं. टेबलाच्या बाजूने घेतलेलं होतं. मुंगी हत्ती सरकवते. घड्याळ दाबते. जरा वेळ बसते. मग उठून तरातरा निघून जाते. सगळ्यांचे डोळे तिच्या कानांकडे, खिशांकडे, बुटांकडे. मामाने चष्मा चढवला आणि तो बघत होता तिच्या हातांकडे. घड्याळ दाबल्यावर तिने दोन्ही हात मांडीखाली घेतले होते आणि त्यांच्यावर बसली होती.

"थांबा!" मामा इतक्या मोठ्याने ओरडला की एका ग्लासातलं पाणी हललं. "मागे घ्या. चालीच्या आधीचं दाखवा."

"आधी काय आहे? ती विचार करतेय."

"असू दे. दाखवा तर खरं."

बाईंनी मागे घेतलं. डोंगर उठून निघून जातो. मुंगी कपाळाला हात लावून बसलेली. मग तिचा हात पुढे येतो, घोड्याकडे जातो, आणि जाता जाता करंगळी शेजारच्या हत्तीला घासते. हत्ती किंचित डुलतो. हात हवेतच थांबतो. मुंगी हत्तीकडे बघते. मग डोंगराच्या पाठीकडे बघते. मग पुन्हा हत्तीकडे. तिचा चेहरा असा झाला की जणू दुधाचं पातेलं हातातून सुटलंय. आणि मग तिने हत्ती उचलला.

मामाला हसू फुटलं. आधी पोटात, मग खांद्यांत, मग डोळ्यांतून पाणीच यायला लागलं.

"अहो, काय झालं?" बाई चिडल्या.

"हात लागला हो!" मामा डोळे पुसत म्हणाला. "माझ्या दुकानात बाकावर पट मांडलेला असतो. थांबलेली गिऱ्हाइकं खेळतात. एकदा अर्ध्या दाढीच्या माणसाने चाल मागे घेतली आणि दुसऱ्याने त्याला पटच फेकून मारला. माझ्या हातात वस्तरा! तेव्हापासून दुकानाचा नियम. सोंगटीला हात लागला की तीच चालवायची. मुद्दाम लागो, चुकून लागो, बाही लागो. आणि असा धसमुसळेपणा करणाऱ्याने चाल झाल्यावर हातांवर बसायचं. ही पोर त्या बाकावरच शिकली."

बाईंनी पेन्सिल कानामागून काढली, टेबलावर ठेवली. "पण आमच्या नियमात चुकून धक्का लागला तर ती सोंगटी चालवावी लागत नाही. हे यांना ठाऊक नाही?"

"ठाऊक आहे," मुंगी पुटपुटली.

"कुणी बघितलंही नव्हतं."

"मी बघितलं होतं ना."

"आणि हत्तीला जायला घरं किती होती?"

"एकच. प्याद्याच्या तोंडचं. मला वाटलं, गेला डाव. म्हणून बाथरूममध्ये रडायला गेले. तोंड धुऊन आले तर... तर मला दिसलं की मी जिंकतेय."

"मग आल्या आल्या सांगायचं की!"

"काय सांगू? एवढ्या मोठ्या स्पर्धेत मी दुकानातल्या नियमाने खेळते? आणि ती सगळ्यांना आवडलेली चाल माझ्या करंगळीने केली?"

मग डोंगर उठला. टीव्हीजवळ गेला, स्वतःच बटण दाबून ती करंगळी पुन्हा बघितली. मग अजून एकदा. आणि त्याच्या पोटातून हसणं असं वर आलं की टेबल हललं.

"मी इतका वेळ कॉम्प्युटरशी भांडतोय," तो म्हणाला, "आणि मला हरवलं बोटाने! पण पुढच्या चाली? त्या?"

"त्या माझ्या आहेत, सर."

"हो. त्या चांगल्या होत्या." त्याने आपला भलामोठा पंजा पुढे केला. "हा मघाशी द्यायचा राहिला. चुकलं माझं. खरं सांगू? यंत्राकडून हरलो असतो तर उद्यापासून बसलोच नसतो या टेबलावर. बरं वाटलं बघ."

मुंगीचा हात त्या पंजात दिसेनासा झाला.

पंच बाईंनी तक्रार फेटाळल्याचं मोठ्याने सांगितलं. मग मामाकडे वळून म्हणाल्या, "आणि तुम्ही! कसले नियम करून ठेवता?" पण आवाजातली पट्टी गेली होती.

मामाचा जीव भांड्यात पडला, तो इतक्या जोरात की त्याला आधी खुर्चीच लागली.

खाली कॅन्टीनमध्ये दोघं बसली. मुंगीच्या पायांत बूट आले होते, केसांत पिना. मामाने दोन चहा आणले. एक तिचा भरपूर साखरेचा, एक आपला, बिनसाखरेचा, डॉक्टरने सांगितलेला.

"तुला वाटलं होतं ना, मी खरंच काही केलं म्हणून?" मुंगीने विचारलं.

मामाने मान खाजवली. "क्षणभर."

"एवढाच?"

"एवढाच. पण लांबला गं तो क्षण."

मुंगी हसली. हसता हसता तिने हात पुढे केला आणि बोटं चुकून मामाच्या कपाला लागली. ती थांबली. मामाने भुवया वर केल्या.

"लागला," मामा म्हणाला.

"मामा, नको ना. कडू असतो तो."

"लागला म्हणजे लागला."

मुंगीने सुस्कारा सोडला, बिनसाखरेचा चहा ओढून घेतला आणि तोंड वाकडं करून प्यायली. मामाने तिचा साखरेचा कप जवळ घेतला, डॉक्टर आसपास नाही ना ते बघितलं, आणि मिटल्या डोळ्यांनी पहिला घोट घेतला.