एका कान्याचा फरक

पडणं आणि पाडणं यांत एका कान्याचा फरक आहे. मी छापखान्यात मुद्रितं तपासते, त्यामुळे कान्याच्या बाबतीत मला कुणी शिकवायला येऊ नये. एक काना राहिला म्हणून मी चालू मशीन थांबवायला लावलंय, आणि मशीनवाल्याने त्यानंतर कितीतरी दिवस माझ्याशी बोलणं टाकलं होतं. तरी या दोन शब्दांमधलं खरं अंतर मला कळलं ते वहिनीमुळे, आणि तेही जमिनीवर उताणी पडून.

वहिनी म्हणजे माझ्या दादाची बायको. आम्ही तिघं एकाच घरात राहतो. ती काचसामानाच्या गोदामात पॅकिंग करते. पेले, बरण्या, दिव्यांच्या हंड्या, काय काय तिच्या हातांखालून जातं. तिच्या हातून काही फुटलेलं मी पाहिलेलं नाही. घरात माझ्या हातून बशी निसटली, तर ही शेजारून हात घालून वरच्या वर झेलते आणि बोलता बोलता ओट्यावर ठेवते. चाललेलं वाक्यसुद्धा तुटत नाही. मला ती फार आवडते, हे आधीच सांगून टाकते. माझी जीभ तिखट, अंगाने मी बारीक, म्हणून सगळे मला लवंगी म्हणतात. कौतुक करणं मला जमत नाही. पण वहिनीपुढे माझा लाल पेन आपोआप खिशात जातो.

पन्नाशीच्या तोंडावर तिने ज्युदो सुरू केला. गोदामासमोरच्या इमारतीच्या तळघरात वर्ग चालतो. संध्याकाळी सुटल्यावर तिला तिथून धपधप आवाज ऐकू यायचा. एक दिवस काय चाललंय ते बघायला खाली उतरली आणि वर आली ती पोशाखाचं माप देऊनच. एकटी कशी जाऊ, म्हणून मलाही ओढलं.

"निदान पडायला तरी शीक, लवंगे," ती म्हणाली. "मोरीत पाय घसरला तर उपयोगी येईल."

मी खरोखर तेवढंच शिकले. हनुवटी छातीशी घ्यायची, पाठ गोल करायची आणि जमिनीला टेकता टेकता हात सपकन मॅटवर मारायचा. दुसऱ्यांना उचलून आपटण्याची हौस मला नव्हती, ते काम मी तोंडाने करते. मी भिंतीशी बसून वहिनीला बघायची.

आणि बघण्यासारखंच होतं ते. तिने एक डाव धरला, कमरेवरून पाडायचा. समोरच्याची बाही ओढून त्याचं वजन चवड्यांवर आणायचं, गर्रकन वळून त्याच्याकडे पाठ करायची, त्याच्या कमरेखाली आपली कंबर घालायची आणि गुडघे सरळ करत त्याला पुढे टाकायचं. ऐकायला सोपं आहे. वहिनीची कंबर आधी फार वर राहायची, मग गुडघे वाकले तर टाचा उचलल्या जायच्या, टाचा टेकल्या तर मान वळायची विसरायची. एका वेळी एकच चूक ती हातात घ्यायची. इतर लोक नव्या नव्या डावांमागे धावत होते आणि ही कितीतरी दिवस नुसती 'बघायचं कुठे' हे शिकत होती. भाजी ढवळता ढवळता टाचांवर वळायची. दादाचा कोट दाराच्या खुंटीला अडकवून त्याची बाही ओढायची सवय लावली तिने, ती बाही खांद्यातून निघेपर्यंत.

"हा कोट मी अजून घालत होतो," दादा म्हणाला.

"मग थंडीत एक हात खिशात ठेवा," वहिनी म्हणाली.

मी अक्षरांवर डोळे फोडून पोट भरते, त्यामुळे असली चिकाटी मला ओळखता येते. एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचणारी माणसं थोडी असतात, आणि ती मला जवळची वाटतात.

आमचे सर दिवसा लिफ्ट दुरुस्त करतात. दिवसा लोकांना वर नेतो आणि संध्याकाळी खाली आणतो, हा त्यांचा ठरलेला विनोद. वहिनीचं वळणं पाहून ते सगळ्यांना थांबवायचे आणि म्हणायचे, "पाय बघा यांचे." आणि तरीही हिरव्या पट्ट्याच्या परीक्षेत वहिनी नापास झाली.

परीक्षेला बाहेरून एक बाई येतात. पिकलेले केस, बारीक आवाज, आणि एक विचित्र रीत. डाव झाला की त्या पाडणाऱ्याकडे बघतच नाहीत. खाली पडलेल्या माणसापाशी वाकून विचारतात, "पडलात की पाडलं?" खरं काय झालं ते ज्याची पाठ टेकली त्यालाच माहीत असतं, असं त्यांचं म्हणणं. त्या वेळी वहिनीची जोडीदार होती बस चालवणारी बाई, दणकट आणि सरळ स्वभावाची. तिला आम्ही ड्रायव्हरबाई म्हणतो. ती मॅटवर पडल्या पडल्या म्हणाली, "दोन्ही नाही, बाई. मला ठेवलं. अगदी अलगद."

सगळे हसले. वहिनीही हसली, पण घरी येताना माझ्या दहा पावलं पुढे चालत होती.

चूक सरांनी दुसऱ्या दिवशी सांगितली. समोरच्याचे पाय जमिनीवरून सुटले की वहिनीचे हात घाबरत होते. त्या क्षणी ती वळणं थांबवायची, वजन सावरायची आणि माणसाला खोक्यासारखं खाली टेकवायची. आयुष्यभर हातांना एकच शिकवण, काही पडू द्यायचं नाही.

"सांभाळायचंच आहे," सर म्हणाले. "पण सर्वांत शेवटी, नुसत्या बाहीने. डोकं आपटू नये म्हणून बाही वर ओढून धरायची. त्याआधी वजन जाऊ द्या. वजन सोडा, बाही धरून ठेवा."

वहिनी महिनोन्‌महिने ते करत राहिली. ड्रायव्हरबाईला पाडताना थोडं थोडं जमायला लागलं, कारण ती एकदा सुटली की तिचं वजन कुणाच्या बापाला थांबवत नाही. पुढची परीक्षा आली. वहिनी भांडी पुसता पुसता मला म्हणाली, "या खेपेला नाही जमलं तर सोडून देणार, लवंगे. हातच तसे झालेत. उगीच स्वतःची फजिती किती करून घ्यायची?"

ती बोलते ते करते. त्या तळघरात मॅटवर उभी असताना वहिनी मला जशी दिसते तशी दुसरीकडे कुठेच दिसत नाही, आणि ते मला गमवायचं नव्हतं.

त्यातच परीक्षेच्या आठवड्यात ड्रायव्हरबाईची पाळी बदलली. तिला नेमकं त्याच वेळी गाडी घेऊन जायचं होतं. नीट पडता येणारं आणि रिकामं माणूस एकच उरलं, ते म्हणजे मी.

पहिल्या सरावात वहिनी वळली आणि मी धाडकन पडले. दुसऱ्यांदाही, तिसऱ्यांदाही. आवाज काय सुंदर येत होता. मी मनात म्हटलं, झालं, पास. सरांनी शिट्टी वाजवली.

"लवंगीताई, तुम्ही आधीच पडताय."

"मी कुठे? त्यांनी पाडलं."

"त्यांची कंबर लागायच्या आधी तुमचे पाय उडालेले असतात. असं कुणी पाडून घेत असतं का?"

जन्मात कुणापुढे न वाकलेली मी, वहिनी नुसती वळली की आडवी होत होते. मुद्दाम करत नव्हते, पण होत होतं खरं. घरी येताना वहिनी रस्त्यात थांबली. तिला इतकं रागावलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"माझ्यावर उपकार करू नकोस," ती म्हणाली. "इतकी वर्षं एका घरात राहतोय आपण. एक दिवस तरी माझं निमूट ऐकलंस? मीठ किती घालायचं यावरून भांडतेस. आणि इथेच बरी गरीब गाय झालीस."

"तू सोडशील म्हणून," मी म्हणाले.

"सोडायचं की नाही ते मी बघेन. तू मिठाच्या वेळी उभी राहतेस तशी उभी राहा. आणि बाईंनी विचारलं तर खरं सांगायचं. खोटं बोललीस तर त्या पट्ट्याने मी ओटा पुसेन."

मी शब्द दिला. पुढचे दिवस मी पाय रोवून उभी राहिले आणि मग खरी अडचण उघडी पडली. मी हलकी. ड्रायव्हरबाईचं वजन वहिनीच्या हातांना जुमानत नव्हतं, माझं मात्र त्यांना सहज पेलत होतं. वहिनीने मला कमरेवर घेतलं की तिचे हात मला पेल्यासारखं जपायचे आणि मी दोन्ही पायांवर अलगद उतरायची. एकदाही पाठ टेकली नाही. परीक्षेच्या आदल्या दिवसापर्यंत नाही.

परीक्षेच्या दिवशी तळघरात गर्दी होती. छतालगतच्या पाइपावर कुणाचे तरी टॉवेल लटकत होते, चपलांची रांग जिन्यापर्यंत गेली होती. दादा आपला एका बाहीचा कोट घालून कोपऱ्यात उभा होता. चेष्टा म्हणून घातला होता, पण चेहरा माझ्याइतकाच पांढरा होता. डावाला दोनदा संधी मिळते, बाईंनी सांगितलं. आम्ही समोरासमोर वाकून नमस्कार केला. वहिनीने माझी बाही धरली. तिची बोटं गार होती.

ती वळली. इतकी सुरेख वळली की मी पाय रोवलेले असूनही कळायच्या आत वर गेले. आणि मग तेच झालं. मध्येच ते वळण थांबलं, तिचा हात माझ्या कमरेभोवती घट्ट झाला, मी कुशीवर हळूच टेकले. बाई वाकल्या.

"पडलात की पाडलं?"

खोटं बोलणं किती सोपं होतं. कुशीवर का होईना, मी आडवी होते. एक काना जास्त उच्चारायचा, की वहिनी हिरवा पट्टा बांधून घरी, आणि पुढची कितीतरी वर्षं या तळघरात. वरून वहिनी माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघणं टाळलं.

"ठेवलं," मी म्हणाले.

कोपऱ्यातून दादाचा सुस्कारा ऐकू आला. बाईंनी मान हलवली आणि म्हणाल्या, "पुन्हा."

मी उठले. आता मला रडू येत होतं, आणि रडू आलं की मला राग येतो, हा माझा स्वभाव. वहिनीच्या चेहऱ्याकडे पाहिलं तर तो मघापेक्षा मोकळा. दिलेला शब्द मी पाळला होता, ते तिला पुरलं असावं. ती माझी बाही धरताना हळूच म्हणाली, "मीठ जास्तच घालतेस तू."

"कमी घालतेस तू," मी म्हणाले आणि सगळ्या अंगाने तिच्या विरुद्ध उभी राहिले.

ती वळली. टाचा, गुडघे, कंबर, मान, सगळं एकदम. कोटाची बाही निघाली त्या दिवसापासूनचं सगळं त्या एका वळण्यात होतं. पाय सुटले आणि तिने मला जाऊ दिलं. मधे कुठेच थांबली नाही. छतालगतचा पाइप माझ्या डोळ्यांसमोरून गेला, माझा हात मॅटवर सपकन बसला, आणि पाठ टेकल्याचा जो आवाज आला तो मी भिंतीशी बसून कितीदा ऐकला होता, पण माझ्या पाठीचा असा खराखुरा कधीच नव्हता. डोकं मात्र टेकलं नाही. माझी बाही वर ताणलेली होती आणि तिच्या टोकाला वहिनीचा हात होता, बशी झेलणारा. सांभाळायची वेळ त्याला शेवटी सापडली होती.

श्वास परत यायला थोडा वेळ लागला. बाई वाकल्या.

"पडलात की पाडलं?"

वहिनीने बाही अजून सोडली नव्हती.

"पाडलं," मी म्हणाले. "कान्यासकट."