मास्तरांनी न घेतलेलं माप

"बाबा, स्कर्ट पुन्हा रुततोय!"

शिंपीमास्तरांच्या तेरा वर्षांच्या लेकीची, गुंडीची, ही दर दोन महिन्यांची तक्रार. मास्तर मशिनवरून मान न उचलता म्हणायचे, "काढून ठेव. जेवणाआधी सैल करून देतो."

वीस वर्षं मास्तर शाळेचे गणवेश शिवत होते. पोराचं नाव, खाली उंची, छाती, कंबर, पुढे तारीख. अख्ख्या शाळेच्या कमरा त्यांच्या वहीत होत्या. पान नव्हतं ते फक्त लेकीचं. घरच्या पोरीला टेप कशाला लावायची? नजर आहे की! शिवाय तिच्या प्रत्येक शिवणीत ते भरपूर जास्तीचं कापड सोडत. इतरांच्या घरी कपडा घट्ट झाला की आईबाप दचकतात. मास्तरांच्या घरी बिचारा कपडाच माघार घ्यायचा.

आईचा हिशेब आणखी सोपा. अभ्यासाला बसावं म्हणून बिस्किटांचा पुडा, अभ्यास झाला म्हणून गोड पेयाची बाटली, मधल्या वेळात मोबाइल. "खात्यापित्या घरची आहे, उंची वाढली की उतरेल," असं ती सगळ्यांना सांगे. पोरीच्या मानेवर काळपट पट्टा दिसू लागला, तेव्हा तिनं साबणाला नावं ठेवली आणि घासणी उचलली. गुंडी कळवळायची, पट्टा जागचा हलायचा नाही.

त्या दुपारी डॉक्टरीणबाई नव्या कोटाची ट्रायल द्यायला आल्या होत्या. गुंडी दुकानाच्या तीन पायऱ्या चढून आली आणि दाराला धरून धापा टाकत उभी राहिली. तीनच पायऱ्या! बाईंचं कोटावरचं लक्ष उडालं. त्यांनी तिला जवळ घेतलं, केस बाजूला करून मान पाहिली.

"मास्तर, हा मळ नाही. हिची कंबर किती?"

"असेल की, अठ्ठावीस-तीस."

"असेल? माझी बाही दोऱ्याएवढी चुकली तर अख्खी उसवता! टेप घ्या. आधी उंची, मग बेंबीच्या वरून पोट."

उंची साठ इंच भरली. पोट सदतीस. मास्तरांनी टेप पुन्हा लावली. सदतीसच.

"साठाचे निम्मे तीस," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "पोट त्याच्या आत हवं. ही चरबी नुसती कातडीखाली बसत नाही, मास्तर. आत आतड्यांभोवती, यकृतात साठते. मग साखर, रक्तदाब... हे आता फक्त म्हाताऱ्यांचे आजार राहिले नाहीत. मानेचा पट्टा त्याचीच खूण असू शकतो. उद्या उपाशीपोटी रक्त तपासायला आणा."

"अहो, पण लहान आहे ती!"

"म्हणूनच सांगतेय. अजून वेळ आहे."

बाई गेल्यावर मास्तरांनी पोरीचा स्कर्ट उलटा केला. आत जुन्या शिवणींच्या पाच रेघा होत्या, एकीच्या बाहेर एक. दहा महिन्यांची नोंद त्यांच्याच हातची, आणि त्यांनीच ती वाचली नव्हती!

रिपोर्ट यायला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत मास्तरांनी एका शर्टाला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. आईनं घासणी दडवली आणि पोरीची नजर चुकवत डोळे पुसले.

रिपोर्ट आला. साखर रेषेच्या वर सरकलेली. मधुमेह अजून नव्हता, पण उंबरठ्यावर होता. यकृताला सूज होती.

गुंडी दाराआडून ऐकत होती. "बाबा, मी मरणार का?"

मास्तरांनी तिला जवळ ओढलं. "नाही गं, बाळा! असं काही बोलू नकोस!"

"मुली मला ढोली म्हणतात. आता तुम्हीपण टेप घेऊन मागे लागणार."

"चूक तुझी नाही. तू दर वेळी सांगत होतीस. मीच ऐकलं नाही." त्यांनी टेप स्वतःच्याच पोटाभोवती गुंडाळली आणि टोक तिच्या हातात दिलं. "वाच. लाजू नकोस, मोठ्यानं वाच."

"बेचाळीस! बाबा, तुम्ही तर माझ्याही पुढे!"

आई रडता रडता हसली.

बाईंनी बजावलं होतं: पोरीला उपाशी ठेवायचं नाही, हिणवायचं नाही, बदलायचं तर सगळ्या घरानं. बाटल्या आणि पुडे घरात येणं थांबलं. जेवताना मोबाइल कपाटात गेला. संध्याकाळी मशिन तासभर बंद ठेवून तिघं पाण्याच्या टाकीचा चढ चढू लागली. पहिल्या दिवशी अर्ध्यावर आधी मास्तरच बसले.

तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासायचं आहे. भीती गेलेली नाही, आणि जाऊही नये. तीच रोज संध्याकाळी तिघांना घराबाहेर काढते.

वाचकहो, लेकराचं वाढतं पोट ही कौतुकाची बाब नाही आणि टिंगलीची तर मुळीच नाही. आजच टेप घ्या. पोट उंचीच्या निम्म्याहून जास्त भरलं, तर कपडे बदलण्याआधी डॉक्टरांना दाखवा आणि घराच्या सवयी बदला. एकट्या लेकराला त्या चढावर पाठवू नका, सोबत चला!