शिवायचं न्हाई

"शिवे, लांब हो! शिवू नगंस ट्रॅक्टरला!"

राहीबाईंनी लेकीच्या, शिवांजलीच्या हातातला झेंडूचा हार हिसकावून थेट उकिरड्यावर टाकला.

खंडेनवमीचा दिवस. यंदा ट्रॅक्टरपुढचा नारळ तुझ्या हातचा, असा शब्द लालासाहेबांनी लेकीला दिला होता. सुभेदार म्हणून फौजेतून परतलेल्या त्या माणसाचे गुडघे गेले, थोरला विश्वजीत शिरवळच्या कंपनीत चिकटला, तेव्हापासून दोन वर्षं नांगरट, सरी, ट्रॉली सगळं पोरीनंच ओढलं. गावानं आधी नावं ठेवली, मग तिच्याकडूनच रानं नांगरून घेतली. आणि नेमकी आज सकाळी तिला पाळी आली. गप्प बसली असती तर खपून गेलं असतं, पण लपवायचं कशाला, म्हणून तिनं सरळ सांगितलं. तिथंच चुकलं.

"सरी सोडताना कवा इचारलं न्हाईस ते, आई? तवाबी पाळी येतच हुती की."

"ते काम हुतं. ही पूजा हाय."

ती बापाकडे वळली. "आबा, तुमी शब्द दिलाय."

लालासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. "पुढल्या वर्षी फोड की, पोरी."

पुढल्या वर्षी ती कवठे महांकाळला सासरी असणार होती. श्रावणात सुपारी त्यांनीच फोडली होती. शिवांजलीला बापाची आयुष्यात पहिल्यांदा किळस आली.

विश्वजीत गॉगल लावून सीटवर चढला. चावी फिरवली. ट्रॅक्टर खाकरला आणि गप्प झाला. सकाळपासून इंजिन चालू ठेवून, गाणी लावून फोटो काढण्याच्या नादात या बहाद्दरानं डिझेल संपवलं होतं. आता टाकी भरली तरी नळीत हवा धरली होती. माणसं जमलेली, हलगीवाला खोळंबलेला.

राहीबाई लेकीच्या जवळ आल्या. आवाज एकदम मऊ झाला. "तेवढं चालू करून दे, बाय. मग हो बाजूला."

"मग आता शिवू ट्रॅक्टरला?"

"वाद घालू नगं. गोमूत्र हाय घरात."

शिवांजलीनं पाना आणला, डिझेलच्या नळीचा बोल्ट सैल केला, हवेचा फेस जाईपर्यंत इंजिनावरचा हातपंप मारला. ट्रॅक्टर सुरू झाला. बोल्ट परत आवळताना तिनं शेवटचा पिळा मुद्दाम दिला नाही.

आईनं सीटवर, स्टेअरिंगवर गोमूत्र शिंपडलं. सीट वाळेपर्यंत विश्वजीत रुमालानं वारा घालत उभा राहिला. मग त्यानं नारळ फोडला. खोबऱ्याचा तुकडा तिच्या ओंजळीत वरून पडला.

हलगीच्या तालावर ट्रॅक्टर देवळाकडे निघाला आणि पहिल्याच वळणावर बंद पडला.

लालासाहेब लंगडत घरी आले. "शिवे, चल गं. परत हवा धरली."

"मला शिवायचं न्हाई आज, आबा."

"मग पाना तरी दे."

"त्यो काय तिथं. घ्या की."

पडवीच्या कोपऱ्यात तिचं वेगळं अंथरूण, वेगळं ताट, वेगळा तांब्या होता. पाना त्या ताटात होता. सुभेदारांनी वाकून हात पुढे केला, आणि तो ताटाच्या वरच थांबला.